मेंदूच्या जखमेभोवतीची 'भिंत' : एका रूपकाची तपासणी

मज्जारज्जूला मार बसला की माणूस कायमचा अपंग का होतो, याची हकीकत लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांतून साधारण एकाच साच्यात सांगितलेली आढळते. हातातला मज्जातंतू तुटला तर तो सावकाश का होईना पुन्हा वाढतो. मेंदूतला किंवा मज्जारज्जूतला तुटला तर वाढत नाही. याचे कारण असे दिले जाते की, इजा झालेल्या जागी मेंदूतल्या 'आधारपेशी' गोळा होतात, फुगतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांचा एक घट्ट वण तयार होतो. हा वण भिंतीसारखा आडवा येतो. तुटलेले तंतू भिंतीपाशी येऊन थांबतात. सबब, भिंत पाडण्याचा उपाय सापडला की लुळे पाय चालू लागतील.

गोष्ट सुटसुटीत आहे. वर्गात सांगायला सोपी, फळ्यावर काढायला त्याहून सोपी. ती साफ खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. तिच्यामागे उत्तम प्रयोग आहेत आणि ते पुढे येतीलच. आमचा आक्षेप वेगळा आहे. 'आधार', 'वण' आणि 'भिंत' या तीन शब्दांनी प्रयोग होण्याआधीच निकाल देऊन टाकला, आणि प्रयोगांनी नंतर निराळे सांगितले तरी शब्द जागचे हलले नाहीत.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. शाळा-महाविद्यालयांत मेंदूवर व्याख्यान द्यायला गेले की शेवटी एखादा विद्यार्थी हमखास उभा राहतो. त्याचे मामा माडावरून पडलेले असतात, किंवा थोरल्या भावाला मोटारसायकलचा अपघात झालेला असतो. "सर, ती भिंत काढायचे ऑपरेशन कुठे होते?" त्याचा प्रश्न आपण सांगितलेल्या गोष्टीतून सरळ निघालेला असतो. भिंत आहे म्हटले की ती पाडता आली पाहिजे.

लांबी, सरस आणि 'आधार'

सुरुवात नावापासून करू. १८५६ साली रुडॉल्फ फिरशो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मेंदूत चेतापेशींच्या मधे असलेल्या भागाला 'न्यूरोग्लिया' असे नाव दिले. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत सरस. याच अर्थाने त्याने जर्मनमधला 'किट' हा शब्दही वापरला. खिडकीला काच बसवताना सुतार जी लांबी भरतो, ती ही किट. शरीरात इतरत्र संयोजी ऊती असते, तशी ती मेंदूतही असली पाहिजे आणि तिने तिथले घटक धरून ठेवले पाहिजेत, असा फिरशोचा तर्क होता. म्हणजे नाव मिळाले ते प्रामुख्याने एका पदार्थाला. त्या 'पदार्थात' वेगवेगळ्या प्रकारच्या जिवंत पेशी आहेत हे पुढे, रंगद्रव्यांनी ऊती रंगवण्याच्या पद्धती सुधारत गेल्या तसतसे कळले. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशींना १८९३ साली अ‍ॅस्ट्रोसाइट हे नाव मिळाले. आपण त्यांना येथे तारकापेशी म्हणू. मायक्रोग्लियाची ओळख स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा याने १९१९ साली पटवली आणि त्यानेच पुढे मायेलिनचे वेष्टण करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी वेगळ्या काढल्या.

पेशी कळल्या, पण लांबीची कल्पना काही सुटली नाही. मराठीत आपण 'आधारपेशी' म्हणतो ते तिचेच भाषांतर. वास्तविक तारकापेशी चेतापेशींच्या संधींजवळ सांडलेले ग्लुटामेट उचलून घेतात. ते तसेच साचू दिले तर चेतापेशी अतिउत्तेजनाने मरतात. पेशींभोवतीच्या द्रवातले पोटॅशियम आटोक्यात ठेवणे, रक्तवाहिन्यांना आपल्या पसरट पावलांनी वेढून घेणे, हीही त्यांचीच कामे. मायक्रोग्लिया तर मूळच्या मेंदूतल्या नव्हेतच. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पीतक-पिशवीतून निघालेल्या पेशी मेंदूत येऊन वसतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१० साली दाखवले गेले. या सगळ्यांना 'आधार' या एका शब्दात बसवणे म्हणजे शाळेतल्या शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सर्वांची इमारतीचे खांब म्हणून नोंद करण्यासारखे आहे.

याच कल्पनेच्या पोटी एक आकडाही वाढला. एका चेतापेशीमागे दहा आधारपेशी, हे वाक्य कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून छापले गेले. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी चार मेंदूंतली ऊती विरघळवून, पेशींची केंद्रके सुटी करून त्यांची मोजदाद केली. चेतापेशी सुमारे ८६०० कोटी आणि इतर सर्व पेशी मिळून सुमारे ८५०० कोटी भरल्या. 'इतर' मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या. दहास एक हे प्रमाण कुठल्या कुठे राहिले. आपल्या हाताशी असलेल्या पुस्तकात कोणता आकडा आहे, हे शिक्षकांनी एकदा काढून पाहावे.

पहिले दोन आठवडे

आता जखमेकडे वळू. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की सर्वांत आधी हलतात त्या मायक्रोग्लिया. २००५ साली दोन निरनिराळ्या गटांनी जिवंत उंदरांच्या कवटीतून, विशेष सूक्ष्मदर्शकाने या पेशी प्रत्यक्ष पाहिल्या. तोवर निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियांना 'विश्रांत' म्हणण्याचा प्रघात होता. पाहतात तो काय, या विश्रांत पेशींच्या फांद्या एकसारख्या लांबत-आखडत होत्या, आजूबाजूचा भाग चाचपडत होत्या. मग लेसरच्या किरणाने एक बारीकशी जखम केली. काही मिनिटांतच आसपासच्या सर्व मायक्रोग्लियांच्या फांद्या त्या दिशेने वळल्या आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांनी जखमेभोवती कडे केले. पेशींची मूळ शरीरे जागीच होती, फक्त हात पुढे झाले होते. फुटलेल्या पेशींतून आणि भोवतालच्या तारकापेशींतून बाहेर पडणारा एटीपी हा रेणू या हाकेमागे आहे, हेही दिसले. जीवशास्त्राच्या तासाला ज्याला आपण पेशीचे ऊर्जा-चलन म्हणतो तोच हा एटीपी. पेशीच्या आत तो चलन, आणि पेशीबाहेर सांडला की धोक्याची घंटा. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे.

त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, मृत पेशींचा फडशा पाडतात, आणि दाह वाढतो. हा दाह उपयोगी आणि धोकादायक दोन्ही असतो. कचरा उपसला जातो, पण आवरला नाही तर तो शेजारच्या धडधाकट पेशींनाही गिळतो. मज्जारज्जूच्या इजेत पहिल्या आघातात जेवढे मरते, त्यात या दुय्यम नुकसानाची नंतर मोठी भर पडते.

मग तारकापेशी जाग्या होतात, निदान आपल्याला तसे दिसते. 'दिसते' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. तारकापेशी पाहण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे जीएफएपी नावाचे प्रथिन रंगवणे. हे तंतुमय प्रथिन १९७१ च्या सुमारास मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाने मरण पावलेल्यांच्या मेंदूतल्या जुन्या, वणासारख्या चट्ट्यांतून वेगळे काढले गेले. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत, आमच्याही, त्यांचा वापर सुरू झाला. हे रंगकाम सोपे आहे, चित्रही फार सुंदर येते. अडचण अशी की, निरोगी मेंदूच्या बाह्यकात पुष्कळ तारकापेशींत हे प्रथिन इतके कमी असते की त्या रंगतच नाहीत. इजा झाली की प्रथिन वाढते आणि पेशी उजळतात. काल जिथे काळोख होता तिथे आज दाटी दिसते. पाहणाऱ्याला वाटते की पेशी दुरून धावत आल्या. त्या तिथेच होत्या. दिवा आता लागला.

शिवाय जीएफएपी हा पेशीचा सांगाडा. पेशीच्या एकूण आकारमानाचा सुमारे १५ टक्के भागच त्याने भरलेला असतो. एखाद्या पेशीचे हे रंगीत चित्र म्हणजे पावसाळ्यातले झाड नसून शिशिरातले, पाने झडलेले झाड. आणि जखमेच्या गाभ्यात जे असते, म्हणजे तंतुजनक पेशी, रक्तातून आलेल्या पेशी, कोलॅजेन, यांतले काहीच या रंगात रंगत नाही. ते सगळे काळे दिसते. काळा गाभा आणि त्याच्याभोवती झळझळीत हिरवी किंवा लाल कड. असे छायाचित्र पाहून 'भिंत' हा शब्द कुणाच्याही तोंडी येईल. भिंतीची अर्धी कल्पना रंगाने दिलेली आहे, असे आमचे मत आहे.

२०१३ साली म्युनिकच्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत त्याच त्या तारकापेशी दिवसेंदिवस पाहिल्या. जखमेकडे स्थलांतर करणारी एकही आढळली नाही. काहींनी आपल्या फांद्या जखमेच्या दिशेला वळवल्या, काही मुळीच बदलल्या नाहीत, आणि थोड्या, बहुतेक रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या, तेवढ्या विभागल्या. मज्जारज्जूच्या मोठ्या जखमेत मात्र चित्र अधिक ठळक असते. तिथे नव्याने विभागलेल्या तारकापेशी लांबट होतात, एकमेकींत विणल्या जातात आणि उंदरांत साधारण दोन आठवड्यांत गाभ्याभोवती एक अरुंद पट्टा पुरा करतात. त्याच्या बाहेर दूरवर पसरलेल्या तारकापेशीही बदललेल्या असतात, पण त्या आपल्या जागी राहून आपली नेहमीची कामे करत असतात. म्हणजे जखमेचे भाग तीन : गाभा, काठ आणि बाहेरचा वाचलेला प्रदेश. 'वण' हा एकच शब्द तिन्हींना लावला जातो, आणि वादांपैकी बरेचसे येथून सुरू होतात.

भिंतीचे पुरावे

भिंतीच्या बाजूने काय आहे, ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तुटलेल्या तंतूंचे बारकाईने निरीक्षण केले. तुटलेल्या टोकाला अंकुर फुटतात, काही काळ वाढतात आणि मग खुंटतात, हे त्याने पाहिले. मेंदूतल्या तंतूंत वाढीची शक्तीच नाही, असे यावरून म्हणणे सोपे होते. पण १९८०-८१ मध्ये माँट्रियल येथे अ‍ॅल्बर्ट अ‍ॅग्वायो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा काढून तो मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. मज्जारज्जूतल्या पेशींचे तंतू त्या पुलात शिरून सेंटीमीटरच्या हिशेबात वाढले, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला, पुन्हा मज्जारज्जूत शिरण्याच्या जागी, थांबले. प्रयोग इतका स्वच्छ आहे की विज्ञानाच्या पद्धतीचा धडा म्हणून तो वर्गात शिकवावा. दोष नुसता तंतूंत नाही, परिसरातही आहे, हे त्याने सिद्ध केले.

परिसरातले काय, याचे एक उत्तर १९९० च्या दशकात पुढे आले. जखमेच्या काठाशी काँड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन या वर्गातले रेणू साठतात. कूर्चेत असतात त्यांच्याच जातीचे हे रेणू. १९९७ साली जेरी सिल्व्हर यांच्या गटाने प्रौढ चेतापेशी मोठ्या उंदरांच्या मज्जासंस्थेत अगदी नाजूकपणे, जवळजवळ वण न होऊ देता सोडल्या. त्यांचे तंतू लांबवर वाढले. जिथे वण झाला आणि हे रेणू साठले, तिथे मात्र तंतू अडले. पुढे २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी जिवाणूंपासून मिळणारे काँड्रॉइटिनेज हे विकर जखमेत सोडून या रेणूंच्या शर्करा-साखळ्या तोडल्या. काही तंतू पुढे वाढले आणि उंदरांच्या चालण्यात सुधारणा झाली. भिंतीचे रूपक एवढे रुजले ते या प्रयोगांच्या बळावर, आणि प्रयोग भक्कम होते.

तरी त्यांतल्या एका दुव्याकडे दुर्लक्ष झाले असे आम्हांला वाटते. काँड्रॉइटिन सल्फेट फक्त वणात नसते. निरोगी मेंदूतही कित्येक चेतापेशींभोवती त्याची जाळी असते, आणि ती जाळी जोडण्यांमधले बदल आवरून धरते. २००२ सालीच दुसऱ्या एका गटाने निरोगी प्रौढ उंदरांच्या दृष्टिबाह्यकात हेच विकर घातले, तेव्हा लहानपणी असते तशी बदलक्षमता परत आली. मग जखमी उंदीर बरा चालू लागला तो भिंत विरघळल्यामुळे, की न तुटलेल्या तंतूंना नव्या फांद्या फुटल्यामुळे? पुढच्या प्रयोगांत न तुटलेल्या तंतूंच्याही फांद्या वाढलेल्या दिसल्या. उपाय लागू पडला याचा अर्थ निदान बरोबर होते असा होत नाही, हे आपल्याकडे घरोघरी औषधे देणाऱ्यांनाही माहीत असते.

भिंत काढून पाहिली तेव्हा

एखादी गोष्ट अडथळा आहे की नाही, हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे ती काढून टाकणे. मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने जनुकीय युक्तीने असे उंदीर तयार केले की, एक औषध दिल्यावर विभागत असलेल्या तारकापेशी तेवढ्या मराव्यात. १९९९ साली मेंदूच्या जखमेवर आणि २००४ साली मज्जारज्जूच्या जखमेवर हा प्रयोग झाला. काठ तयारच झाला नाही. मग? रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर पूर्ववत झाला नाही, पांढऱ्या पेशी दूरवर पसरल्या, वाचल्या असत्या अशा चेतापेशी मेल्या, मायेलिन उतरले. मज्जारज्जूला ज्या माफक इजेतून साधे उंदीर बऱ्यापैकी सावरतात, तेवढ्याच इजेने या उंदरांच्या हालचाली कायमच्या बिघडल्या.

येथे आम्हांला भिंतीपेक्षा शेताचा बांध आठवतो. बांध अडवतो हे खरेच, पण काय अडवतो ते पाहावे लागते. फुटलेल्या बांधाने शेताचे काय होते ते सांगायला कोकणातल्या खाजणाच्या शेतकऱ्याकडे जावे. समुद्राचे खारे पाणी एका भरतीत आत येते आणि पुढची कित्येक पिके घेऊन जाते. तारकापेशींचा काठ दाहाला गाभ्यात कोंडून ठेवतो. १९९९ च्या प्रयोगात काठ नसताना जखमेजवळ तंतूंची वाढ मात्र अधिक दिसली होती, हेही नोंदवले पाहिजे. बांध फुटल्यावर वाट मोकळी होते, तशी.

२०१६ साली याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. काठ होऊच दिला नाही, किंवा झालेला जुना काठ नंतर नाहीसा केला, तर तीव्र इजेनंतर मज्जारज्जूतले लांब तंतू आपोआप वाढतात का? तीन प्रकारचे तंतू तपासले. एकही वाढला नाही. उलट, तंतूंना वाढीला चेतवले आणि जखमेत वाढकारक प्रथिने सोडली, तेव्हा संवेदनांचे तंतू काठ असताना त्यातून पार झाले आणि काठ काढलेल्या उंदरांत कमी वाढले. काँड्रॉइटिन सल्फेट रेणू तयार करणाऱ्या पेशी एकट्या तारकापेशी नव्हेत, आणि या वर्गातले सर्व रेणू तंतूंना रोखणारेच नसतात, हेही त्यातून निघाले.

हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही ठिकाणी 'वण हा शत्रू नसून मित्र' अशा मथळ्यांची चलती झाली. हे तेवढेच उथळ होते. सिल्व्हर यांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला की वण म्हणजे फक्त तारकापेशी नव्हेत. तो आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. गाभ्यातल्या तंतुजनक पेशींना या प्रयोगाने हात लावलेला नव्हता, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगतच्या काही पेशींपासून हा गाभा बनतो हे २०११ पासून माहीत होते. पण सोफ्रोन्यू यांच्या गटाचा मुख्य मुद्दा त्याने खोडला जात नाही : तारकापेशींचा काठ हटवला एवढ्याने वाट खुली होत नाही. दोन्ही बाजू 'वण' म्हणतात तेव्हा एकीच्या मनात काठ असतो आणि दुसरीच्या मनात काठासह गाभा. नकाशावर गावाची हद्द न आखता गाव कुणाचे यावर भांडावे, तसे हे झाले.

आणखी एक खोच आहे, तिचा उल्लेख लोकप्रिय लेखनात सहसा येत नाही. माऊस जातीच्या लहान उंदरांत जखमेचा गाभा तंतुमय ऊतीने भरून येतो. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत आणि माणसांत पुष्कळदा तिथे द्रवाने भरलेली पोकळी राहते. पोकळीतून तंतू जाणार कशाच्या आधाराने? तिथे भिंतीआधी खड्ड्याचा प्रश्न असतो.

चांगल्या आणि वाईट पेशी

भिंतीचे रूपक जुने झाले, तोच नवे आले. २०१७ साली बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. चिडलेल्या मायक्रोग्लिया तीन विशिष्ट प्रथिने सोडतात आणि त्यांच्यामुळे तारकापेशी अशा स्थितीत जातात की त्या चेतापेशींना मारक ठरतात. या स्थितीला 'ए-१' आणि दुसऱ्या, बहुधा उपकारक स्थितीला 'ए-२' अशी नावे होती. मूळ काम मोलाचे होते. मायक्रोग्लिया आणि तारकापेशी एकमेकींशी काय बोलतात याची भाषा त्याने उलगडली. पण नावे इतकी सोयीची की अल्झायमरपासून मज्जारज्जूच्या इजेपर्यंत सगळीकडे एखाद-दुसऱ्या खुणेवरून पेशींवर ए-१ आणि ए-२ चे शिक्के मारले जाऊ लागले. २०२१ साली या क्षेत्रातल्या मोठ्या संख्येने संशोधकांनी एकत्रित निवेदन काढून ही दुफळी सोडून द्यावी असे सुचवले. त्यावर सोफ्रोन्यू यांची सही होती, आणि २०१७ च्या निबंधाचे पहिले लेखक शेन लिडेलो यांचीही. आपणच रूढ केलेल्या नावांना आवर घालायला पुढे येणारे संशोधक थोडे असतात. या एका गोष्टीसाठी ते निवेदन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे.

खरे पाहता त्याच पेशी वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे किती वेगळे वागतात, याची उदाहरणे समोर आहेत. झेब्रा माशाचा मज्जारज्जू पूर्ण कापला तरी सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहू लागतो. तिथे ग्लायल पेशी कापलेल्या दोन टोकांमधे पूल बांधतात आणि तंतू वाढतात. दोन दिवसांच्या उंदराच्या पिलाचा मज्जारज्जू चिरडला तर वण न राहता तो भरून येतो, आणि हे घडवून आणण्यात मायक्रोग्लियांचा वाटा मोठा असतो, हे २०२० साली बोस्टनमधल्या संशोधकांनी दाखवले. मायक्रोग्लिया काढून टाकल्या की पिलांतही हे भरून येणे बिघडते. मोठ्या उंदरात ज्या पेशी दाह धुमसत ठेवतात, त्याच पिलात तो वेळेवर विझवतात. अशा पेशींना चांगल्या की वाईट कोणत्या रकान्यात घालायचे?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. काँड्रॉइटिनेजची कसोटी २०१८ साली ६० पाळीव कुत्र्यांवर घेण्यात आली. ही कुत्री प्रयोगासाठी जखमी केलेली नव्हती. मज्जारज्जूला इजा होऊन ती दीर्घकाळ मागच्या पायांनी लुळी होती. कुणाला विकर मिळाले आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्यांच्या पद्धतीने ठरले. पुढच्या-मागच्या पायांच्या हालचालीतला मेळ सरासरीने काहीसा सुधारला. बहुतेक कुत्री चालू मात्र लागली नाहीत. त्याच वर्षी सोफ्रोन्यू यांच्या गटाने तीन गोष्टी एकत्र करून, म्हणजे चेतापेशींची वाढीची शक्ती जागवून, त्यांना वाढायला पोषक जमीन देऊन आणि पलीकडे आकर्षून घेणारे रसायन ठेवून, पूर्ण इजेतूनही तंतू पार नेले. काठ पाडावा लागला नाही. पण ते उंदीरही चालले नाहीत. २०२३ साली नेमके कोणते तंतू न्यायचे हे निवडून, त्यांना त्यांच्या मूळच्या ठिकाणापर्यंत पोहोचवले, तेव्हा कुठे पूर्ण इजा झालेले उंदीर पुन्हा पावले टाकू लागले. भिंत ओलांडणे हा त्या प्रवासाचा एक टप्पा होता. पत्ता ठाऊक असणे हा दुसरा.

हे सर्व उंदरांतले आहे. माणसांसाठी भिंत काढण्याचे ऑपरेशन कुठेही नाही, आणि ते त्या विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण सांगणारे दुसरेही असतात. मूळपेशींचे इंजेक्शन देऊन मज्जारज्जूचा वण भरून काढतो, असे म्हणून पैसे घेणारी दुकाने आपल्या शहरांतही निघाली, आणि त्यांच्या पत्रकांवर हीच भिंत, हेच बाण, हीच आकृती असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या व तत्सम ठरावीक विकारांसाठीचे रक्तजनक मूळपेशींचे रोपण तेवढे मान्य उपचार म्हणून धरले. बाकी सर्व वापर रीतसर चाचणीतच करावा, असे म्हटले. मज्जारज्जूची इजा त्या यादीत नव्हती. दरम्यान रुग्णाच्या हिताच्या ज्या गोष्टी आहेत त्या साध्या आणि कष्टाच्या आहेत : मूत्राशयाची निगा, कुशी बदलणे, त्वचेवर दाबाच्या जखमा होऊ न देणे, नियमित व्यायाम. यांबद्दल शाळेत एक तास दिला तर तो वाया जाणार नाही.

फळ्यावरची आकृती बदलायची झाली तर फार करावे लागत नाही. एका उभ्या रेषेऐवजी मधे अनियमित आकाराचा गाभा काढावा, माणसाचा असेल तर त्यात पोकळी ठेवावी. त्याच्याभोवती वेगळ्या रंगाच्या खडूने विणलेला काठ, बाहेर विखुरलेल्या, जागच्या जागी असलेल्या तारकापेशी, आणि काठाच्या आत पांढऱ्या पेशींची गर्दी. बाण दोन्ही दिशांनी काढावेत : एक बाहेरून येणाऱ्या तंतूचा, दुसरा आतून बाहेर पडू पाहणाऱ्या दाहाचा. आकृतीखाली प्राण्याचे नाव, त्याचे वय आणि इजेनंतरचा दिवस लिहावा. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांखाली हा मजकूर क्वचितच असतो.